कौल

फाटकापाशी एदेलमिरा अंतिलांका आमचे कपडे बघते.
बूट नाही, पाठपिशव्या नाही, कपडे.
"काळं कुणी घातलंय?"
मी हात वर करतो, शाळेतल्यासारखा.
जानेवारीतल्या गोमाश्या काळ्यावर तुटून पडतात, म्हणते,
आणि आपल्या गाडीतून काढून देते एक पिवळट सदरा,
खिशावर बंद पडलेल्या मासळी-कारखान्याचं नाव.
तो चढवून मी जंगलात शिरतो
दुसऱ्याच कुणाची तरी पाळी भरायला निघाल्यासारखा.

आम्ही पाच जण. सान्तियागोचे तिघे,
त्यांच्या मनगटांवर चढ मोजला जातो, ठोके मोजले जातात.
मी, आणि माझा भाचा नोल्बेर्तो, वय चौदा,
बसमधून उतरल्यापासून सात शब्द बोललेला.

वाट ओली. ऊन वर कुठेतरी अडकलेलं,
खाली पोचतं ते सुटे पैसे होऊन.
बांबूच्या जाळीतून वाकून,
शेवाळल्या ओंडक्यांवरून चार पायांनी.
समुद्र दिसत नाही. आहे मात्र:
कुणीतरी पलीकडे अखंड गहू पाखडतंय.

मग आलेर्से.
आधी वाटतं, भिंत आहे. मग साल दिसते,
तांबूस, जुन्या दोरखंडासारखी उसवलेली.
वर्षाला मिलीमीटरभर वाढतं, ती सांगते,
म्हणजे याच्या वयात अंगठ्याच्या नखाएवढं.
नोल्बेर्तो नख बघतो.

त्यापुढे खुंट. जळके, करवतलेले,
एकेकावर सहा जणांची पंगत बसेल एवढे.
"हे बाबांचे."
जसं कुणी म्हणावं, हे बाबांचं अक्षर.

बाबा कौलं पाडायचे. लाकडाची, हातभर लांब,
पाचर ठोकून रेषेरेषेनं सोललेली,
पावसाला न जुमानणारी.
पन्नास पाठीवर घेऊन खाली धक्क्यापर्यंत.
शहरातली ती छपरं अजून उभी आहेत.
आमच्या घरावर पत्रा होता.

तिठ्यावर चुकाव ओरडतो.
पक्षी मुठीएवढा, छाती विटकरी,
आवाज मात्र विहिरीत घागर बुडावी तसा,
आणि डावीकडून.
एदेलमिरा थांबते.
उजवीकडून आला तर कौल मिळाला, चाला.
डावीकडून, तर नाही.
"हसायचं तर हसा."
सान्तियागोचे हसतात.
घड्याळं थांबवावीत की नाही यावर थोडं बोलतात.

"मग परत जायचं?"
आठवा, नववा, दहावा.

"बाबा काय करायचे, सांगू?"
ती जागच्या जागी वळते. पाठ चढाकडे,
तोंड आलो त्या बाजूला.
"आता कुठून ओरडला? उजवीकडून ना?"
आणि तशीच, उलट्या पावलांनी, चढू लागते.
घरात पाच तोंडं होती,
डावा कौल परवडायचा नाही.
"फक्त एवढंच, की उलटं चालताना
आपण पाडलेलं सगळं समोर येतं.
मला तेव्हा वाटायचं, मोजतायत."

वीस पावलं आम्ही सगळेच तसे चाललो.
मुळात पाय अडकून मी कोलमडलो,
नोल्बेर्तोनं सदऱ्याचा खिसा धरून सावरलं.
चुकाव पुन्हा ओरडला नाही.

किनाऱ्यावर तिचा भाऊ समुद्री वेलांच्या जुड्या बांधत होता,
चाबकासारखे जाड, ओले, उग्र वासाचे.
मी सदरा काढून दिला. तिनं खिसे चाचपले.
एका खिशातून निघाली एक ढलपी,
तांबूस, बोटभर. मी ठेवलेली नव्हती.
नोल्बेर्तो वाळूत बुटाचं टोक खुपसत राहिला.

"झाडाची की खुंटाची?"
"खुंटाची."
तिनं ती हुंगली, उलटीसुलटी केली.
"मग बाबांची," म्हणाली,
आणि स्वतःच्या खिशात टाकली.

मी पुन्हा काळ्या कपड्यांत.
गोमाश्या लगेच आल्या.